काल्पनिक जगातील कौटुंबिक सराई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अद्भुतकथेतील प्रवासी कुठे ना कुठे रात्र काढतातच, आणि ती जागा बहुतेक वेळा रस्त्याकाठची, एखाद्या कुटुंबाने चालवलेली सराई असते. नागपुरात मराठीतून अशा कथा लिहिणाऱ्या आणि मित्रांबरोबर भूमिका वाटून कथेचे खेळ खेळणाऱ्या मंडळींकडून या सराईविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जादू काढून घेतली तरी जी सराई चालू शकेल, तिच्यातच जादू शोभते, या भूमिकेतून ती लिहिलेली आहेत.

शेकोटी, लाकडी पिंपे आणि बाहेर पडणारा बर्फ, अशी सराई आमच्या कथेत का नसावी?

असावी की नसावी हा लेखकाचा अधिकार आहे. परंतु ती सराई थंड देशाच्या गरजेतून घडलेली आहे, हे ध्यानात ठेवावे. नागपूरच्या आसपास मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा मुलखात दमून आलेला माणूस ऊब शोधत नाही, तो सावली आणि माठातले पाणी शोधतो. उन्हाळ्यात गाडीवान पहाटेच्या काळोखात बैल जुंपतात, ऊन चढले की थांबतात आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा निघतात. त्यामुळे येथील सराई उन्हाळ्यात भर दुपारी भरते आणि रात्री अंगणात बाजा टाकून पाहुणे उघड्यावर झोपतात. एवढ्या एका बदलाने कथेतील प्रसंगांच्या वेळा बदलतात: गुप्त भेटी, भांडणे आणि सौदे दुपारच्या झोपाळू शांततेत होऊ लागतात.

सराई, धर्मशाळा आणि खाणावळ यांपैकी आमचे घर नेमके कोणते?

हे लिहिण्याआधीच ठरवावे, कारण त्यावर घरातील माणसांचा स्वभाव अवलंबून आहे. धर्मशाळा कुणीतरी पुण्यासाठी बांधलेली असते. तेथे छप्पर आणि विहीर मिळते, शिधा प्रवाशाने आणायचा असतो आणि तीन दगडांच्या चुलीवर स्वतःच रांधायचे असते. खाणावळीत जेवण मिळते, मुक्काम मिळेलच असे नाही. सराईत माणूस, जनावर आणि माल या तिघांचीही रात्रीची सोय होते आणि तिचा मोबदला घेतला जातो. शेरशाह सुरीने १५४० ते १५४५ या आपल्या छोट्या कारकिर्दीत हमरस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया उभारल्याचे इतिहासात नमूद आहे. या सराया राज्याने बांधलेल्या होत्या. उत्तर हिंदुस्थानातील सरायांमध्ये प्रवाशांची सोय पाहणारी भटियारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तोच व्यवसाय करीत आली. आपले कुटुंब मालक आहे की राजाच्या इमारतीतील वहिवाटदार आहे, हा प्रश्न कथेला फार खोल नेऊ शकतो. ज्याला घरातून काढता येते आणि ज्याला काढता येत नाही, ते दोघे राजाच्या शिपायाशी सारखे बोलत नाहीत.

रस्त्यावर सराई नेमकी कुठे ठेवावी?

जेथे दिवस संपतो तेथे. हे गणित अगदी सरळ आहे आणि नागपुरातच त्याचा उत्तम नमुना उभा आहे. विधान भवनाजवळच्या शून्य मैलाच्या दगडावर वेगवेगळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. त्यांत सिवनी ७९ मैल आणि जबलपूर १७० मैल असे आकडे आहेत. ७९ मैल म्हणजे सुमारे १२७ किलोमीटर. भरलेली बैलगाडी दिवसाला २० ते २५ किलोमीटर चालते. म्हणजे सिवनीपर्यंतची वाट साधारण सहा दिवसांची आणि वाटेत पाच मुक्काम. घोडेस्वार यांतील निम्मे मुक्काम टाळून पुढे जाईल. पाठीवर धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांचा बंजाऱ्यांचा तांडा मात्र चरत चरत दिवसाला दहा-बारा किलोमीटरच सरकेल आणि तो सराईत न येता बाहेरच्या माळावर उतरेल. आपल्या काल्पनिक नकाशावर आधी गाडीवाटेचे मुक्काम मोजून टिंबे द्यावीत आणि मग त्यांतील एक टिंब निवडावे. नदीचा उतार, घाटाचा पायथा आणि जकातीचा नाका ही त्यांतल्या त्यांत चांगली ठिकाणे, कारण तेथे माणसांना थांबावेच लागते.

नागपूरविषयी आणखी एक गोष्ट येथे उपयोगी पडते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा लहान वाड्या एकत्र करून हे शहर वसवले, असे मानले जाते. अशा वाड्यांपैकी एखादी वाडी सराईभोवती वाढलेली असू शकते. सराई आधी आणि गाव नंतर, असा क्रम ठेवला तर त्या कुटुंबाला गावात पाटलाइतका मान का आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाणी आणि चारा यांचा हिशेब कथेत खरोखर लागतो का?

वाचकाला आकडे सांगण्याची गरज नाही; लेखकाला ते ठाऊक असणे आवश्यक आहे. समजा, एका संध्याकाळी बारा गाड्या आल्या. बैल झाले चोवीस. एक बैल उन्हाळ्यात दिवसाला चाळीस लिटर पाणी सहज पितो, म्हणजे जनावरांनाच जवळजवळ हजार लिटर पाणी हवे. दहा लिटरची घागर धरली तर विहिरीवरून शंभर घागरी काढाव्या लागतील. प्रत्येक बैलाला सहा-सात किलो कडबा धरला तर रात्रीत दीडशे किलोंहून अधिक चारा संपतो, शिवाय कुटार आणि सरकी वेगळी. हे सारे कोण ओढते, कोण साठवते, विहीर आटू लागली की आधी कुणाला नाही म्हणायचे, याची उत्तरे शोधता शोधता निम्मी कथा हाती येते. ज्या सराईच्या मागे कडब्याची गंजी दिसत नाही, तिच्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

इमारतीचे वर्णन किती करावे?

प्रसंगाला लागेल तेवढेच. तरी एक आराखडा मनात पक्का असावा: उंच भिंत, भिंतीत मोठा दरवाजा, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, आत चौक, चौकाभोवती पाहुण्यांच्या पडव्या, एका अंगाला गोठा आणि शेवटी कुटुंबाचे घर. छपरावर कवेलू, खाली सागवानी वासे. सातपुड्याच्या पायथ्याला सागाची टंचाई नसते.

यांतील एका वस्तूकडे विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे दिंडी दरवाजा. मोठ्या दरवाजाच्या फळीतच कापलेला हा लहान दरवाजा अंधार पडल्यावर तेवढाच उघडतात. आत येणाऱ्याला वाकावे लागते, आधी डोके आत घालावे लागते आणि त्या क्षणी त्याचे हात उंबरठ्याच्या किंवा चौकटीच्या आधाराला गुंतलेले असतात. आत कंदील धरून उभ्या असलेल्या मुलीला पाहुण्याचा चेहरा दिसण्याआधी त्याचे पागोटे दिसते, मग मान, मग खांद्यावरचे ओझे. सेनापती असो की राक्षस, त्या घरात शिरताना प्रत्येकाला त्या पोरीसमोर वाकावेच लागते. ही व्यवस्था संरक्षणासाठी आहे. तरीही तिच्यातून त्या घराची सत्ता जितकी स्पष्ट दिसते, तितकी पानभर वर्णनातून दिसत नाही.

कुटुंबातील माणसे कशी ठरवावीत?

नात्यांवरून आणि कामांवरून एकाच वेळी. नुसती ‘प्रेमळ मालकीण’ आणि ‘जाडजूड मालक’ एवढ्यावर भागत नाही. माझ्या स्वतःच्या जगातील सराई मोहाच्या मोठ्या झाडाखाली आहे. तिच्या किल्ल्या आजीच्या कमरेला आहेत, परंतु वही थोरल्या सुनेच्या हातात आहे, कारण घरात तिलाच नीट लिहिता येते. थोरला मुलगा गोठा आणि चारा पाहतो, धाकटा रात्रीच्या वाटेवर मशाल घेऊन जातो, माहेरी परतलेली आत्या चूल सांभाळते आणि नात दरवाजावर असते. किल्ल्या एकीकडे आणि वही दुसरीकडे, एवढ्यानेच सासू-सुनेमध्ये रोजचा व्यवहार निर्माण होतो. तो वैराचाच असला पाहिजे असे नाही. दोघीही एकमेकींवाचून अडतात, आणि हे दोघींना माहीत आहे.

घर आणि धंदा एकाच छपराखाली असल्यामुळे माजघराचा उंबरठा ही खरी सीमा ठरते. तिच्या अलीकडे पाहुणा, पलीकडे कुटुंब. एखाद्या पाहुण्याला आजीने माजघरात बसवून वाढले, तर बाकीच्या सर्वांना त्याचा अर्थ कळला पाहिजे.

घरात मृत्यू झाला तर सराई बंद राहते का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि तो विचारला जावा अशी माझी मनापासून इच्छा असते. आपल्याकडे सुतकात त्या घरचे अन्न बाहेरचे लोक खात नाहीत. ज्या कुटुंबाचे पोट इतरांना जेवू घालण्यावर चालते, त्याच्यावर सुतक म्हणजे दुःख आणि उत्पन्नाची टंचाई अशी दुहेरी वेळ असते. दरवाजा बंद करता येत नाही, कारण पुढचा मुक्काम वीस किलोमीटरवर आहे. मग चौकात कोरडा शिधा मांडून ठेवतात, पाहुणे आपापले रांधतात आणि शेजारच्या वाडीतून कुणीतरी येऊन चुली पेटवून देते. अशा दहा दिवसांत कोण मदतीला आले आणि कोण वाट वाकडी करून निघून गेले, हे त्या घरातील लहान मूलही विसरत नाही. अद्भुत जगाचे धर्म वेगळे असतील. तरी तेथील सुतकाचा नियम ठरवावा आणि त्याची किंमत कुटुंबाला मोजायला लावावी.

ताटात काय असावे?

ताटावरून नकाशा कळला पाहिजे. नागपूरच्या पश्चिमेला काळी माती, कापूस आणि ज्वारी. पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव आणि धान. म्हणून पश्चिमेच्या वाटेवर भाकर, झुणका, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी मिळेल, तर पूर्वेच्या वाटेवर भात आणि तलावातले मासे मिळतील. नागपूरसारख्या जोडावरच्या सराईत दोन्ही मिळतील आणि दोन्हीकडचे गाडीवान समोरच्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडतील.

मिरचीविषयी विचारणा नेहमी होते. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका आणि भुईमूग ही सारी अमेरिका खंडातून आलेली पिके आहेत आणि ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे पोचू लागली. आपले जग देवगिरीच्या यादवांच्या काळावर बेतलेले असेल, तर सावजी रश्शाचा आजचा लाल जाळ तेथे नसेल. तिखटपणा मिरे, सुंठ आणि मोहरी यांतून आणावा लागेल. मात्र काल्पनिक जगात समुद्रापारचा व्यापार केव्हा सुरू झाला हे लेखकाच्या हाती असते. भिवापूरच्या मिरचीसारखी एखादी मिरची नुकतीच बाजारात आली आहे आणि आत्या ती पहिल्यांदाच फोडणीत टाकते आहे, असा प्रसंग लिहिण्याजोगा आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात. ती वाळवून वर्षभर वापरतात, खाण्यासाठी आणि दारूसाठीही.

मोबदला कशात घेतात?

नाण्यात थोडा, वस्तूत अधिक आणि उधारीत सर्वांत अधिक. ठरलेला गाडीवान वर्षातून दोनदा हिशेब करतो. मिठाचा व्यापारी मीठ देतो, वैदू औषध देतो, गोंधळी रात्र जागवतो. लोहाराला बैलांचे नाल आणि चाकांच्या धावा यांचे काम सराईमुळे मिळते, म्हणून तो कुटुंबाच्या विळ्या-कोयत्यांना फुकट धार लावून देतो. मापे शेर, पायली आणि मण अशी ठेवावीत. सोन्याच्या मोहरा टेबलावर फेकणारा वीर अशा घरात सर्वांना अडचणीत टाकतो, कारण सुटे कुणाकडेच नसतात आणि बाकी पाहुण्यांची नजर त्या थैलीवर पडलेली असते.

जादू किती असावी?

एक नियम, आणि त्याचे सारे परिणाम. मराठी मुलखात चकव्याची समजूत सर्वत्र आहे: रात्री एकट्या वाटसरूला तो भुलवतो, माणूस त्याच त्या जागेभोवती फिरत राहतो आणि उजाडल्यावर पाहतो तर निघाला तेथेच असतो. ही समजूत काल्पनिक जगात खरी मानावी आणि मग हिशेब पुन्हा मांडावा. उन्हाळ्यात गाडीवानांना रात्रीचा प्रवासही हवा असतो, पण सराईपलीकडच्या नदीच्या उतारावर चकवा आहे. म्हणून सराईचा धाकटा मुलगा मशाल घेऊन गाड्यांच्या पुढे चालतो आणि त्यांना पार पोचवतो; अनेकांच्या सोबतीला चकवा शिवत नाही. त्याचे वेगळे पैसे मिळतात. परंतु परतताना तो एकटा असतो. एक तर त्याने पलीकडे उजाडेपर्यंत बसून राहावे, म्हणजे दिवसाचे काम बुडते, किंवा जोखीम पत्करून परतावे. आजीला वाटते त्याने बसावे, थोरल्या भावाला वाटते त्याने यावे, आणि वहिनी वहीत दोन्ही बाजूंचे आकडे पाहते.

ही जादू कुणालाही बलवान करीत नाही. ती फक्त एका कुटुंबाच्या रोजच्या निर्णयात शिरते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. आपोआप भरणारी हंडी मात्र टाळावी. ती आली की चारा, शिधा, उधारी, सुतक या सर्वांचे महत्त्व एकदम नाहीसे होते.

यक्ष, वेताळ, मुंजा अशा पाहुण्यांना कसे वागवावे?

पाहुण्यांसारखेच. वेताळाला पडवी द्यायची की पिंपळाखालचा पार द्यायचा, त्याच्या शेजारी बैल बांधले तर ते बुजतील का, यक्षाने दिलेले नाणे सकाळी पान होते का, हे प्रश्न घाबरण्याचे नसून व्यवस्थेचे आहेत. पिढीजात सराईवाल्या घरात त्यांची उत्तरे आधीच ठरलेली असतात.

पावसाळ्यात सराई काय करते?

काळ्या मातीत पाऊस पडला की गाडीचे चाक आखापर्यंत रुतते आणि गाडीवाटा जवळजवळ बंद होतात. चार महिने नवा पाहुणा क्वचितच येतो. संन्याशांनी चातुर्मासात एके ठिकाणी राहण्याची प्रथा याच ऋतूतील आहे. म्हणून सराईत चार महिन्यांसाठी अडकलेले चार-दोन पाहुणे ठेवावेत: एक साधू, एक आजारी व्यापारी, एक कुणालाही आपले नाव न सांगणारी बाई. कवेलू फेरायचे काम पावसाआधी, हिशेबाच्या नकला पावसात, गोधड्या शिवणे पावसात. लांब संवादांसाठी याहून चांगला काळ नाही.

चोर आणि दरोडेखोर कसे दाखवावेत?

दरवाजा फोडणारी टोळी सर्वांना सुचते. मध्य हिंदुस्थानच्या वाटांवरचा खरा धोका निराळा होता. ठग प्रवाशांच्या सोबतीला येत, गोड बोलून विश्वास मिळवत आणि पुढे योग्य जागी गळा आवळून मारत. १८३० च्या दशकात त्यांच्याविरुद्धची मोहीम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपुरातून चालवली. याचा अर्थ असा की मारेकरी आणि बळी दोघेही त्याच मुक्कामावर शेजारी शेजारी जेवून गेलेले असू शकतात. सराईवाल्यांना हे कळते केव्हा? पुढच्या मुक्कामाचा गाडीवान परत येऊन सांगतो तेव्हा: ‘ते पाच जण आमच्याकडे पोचलेच नाहीत.’ मुक्कामांची साखळी आणि तिच्यातून उलट येणारी बातमी, हेच या कुटुंबाचे शस्त्र आहे. दरवाजावरच्या नातीची स्मरणशक्ती येथे तलवारीहून अधिक कामाची ठरते.

राजाचे नियम कोणते असावेत?

इंग्रजी अमदानीत १८६७ साली सरायांसाठी स्वतंत्र कायदा झाला. सराईची नोंदणी, विहिरींची आणि खोल्यांची स्वच्छता, पुरेसे पहारेकरी, दरांचा फलक लावणे आणि साथीचा रोगी आढळल्यास ताबडतोब ठाण्यावर कळवणे, अशी बंधने त्यात मालकावर घातलेली होती. त्याच्या कितीतरी शतके आधी कौटिल्यानेही धर्मशाळा चालवणाऱ्याने आलेल्या पाखंडी वाटसरूंची वर्दी द्यावी, असे सांगितले आहे. राज्य कोणतेही असो, त्याला सराईकडून बातमी हवी असते. पाहुण्याने घरचे अन्न खाल्ल्याने जडलेले नाते आणि राजाला द्यायची वर्दी यांत कुटुंबाने काय निवडावे, याचे उत्तर घरातील प्रत्येकाने वेगळे द्यावे.

माणसे वऱ्हाडीत बोलावीत का?

निवेदन प्रमाण मराठीत आणि घरातील बोलणे बोलीत, ही जुनी रीत चांगली आहे. ‘काहून बाप्पा, इतक्या रातीचे निघाले?’ असे आजीने विचारले की ती कुठली आहे हे कळते. गाडीवानाला भाऊ, वयस्कर पाहुण्याला बावाजी, राजाच्या माणसाला साहेब नव्हे तर सरकार. बोली अर्धवट येत असेल तर थोडी वापरावी. विनोदासाठी मात्र मुळीच वापरू नये.

विमाने किंवा जादूचे दरवाजे आले तर रस्त्याकाठच्या सराईचे काय होईल?

जे आपल्याकडे झाले तेच होईल. १८६७ साली नागपूरला रेल्वे पोचली आणि पुढच्या काळात लदणीच्या बैलांवर चालणारा बंजाऱ्यांचा वाहतुकीचा धंदा मोडत गेला. अलीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ठराविक ठिकाणीच चढता-उतरता येणाऱ्या अशा रस्त्यावरून जाणारा माणूस जुन्या वाटेवरच्या हॉटेलात चहाला थांबू शकत नाही. कथेत हा बदल एका रात्रीत घडवू नये. आधी घाईचे प्रवासी कमी होतात, मग श्रीमंत व्यापारी, आणि शेवटी ज्यांना नव्या वाटेचे भाडे परवडत नाही तेच उरतात. ताटातला एकेक पदार्थ कमी होतो. धाकटा मुलगा नव्या दरवाजाच्या नाक्यावर नोकरी धरतो, आणि नदीच्या उतारावर मशाल घेऊन कोण जाणार हा प्रश्न घरात पहिल्यांदा मोठ्याने विचारला जातो.

वारसा कुणाकडे जावा?

शेताची वाटणी करता येते, सराईची करता येत नाही. अर्धी विहीर आणि अर्धा दरवाजा यांवर पाहुणा थांबत नाही. म्हणून दोन भाऊ असतील तर एकाने बाहेर पडावे किंवा दोघांनी एकत्र राहावे, एवढेच पर्याय उरतात. माझ्या जगात आजीने थोरल्या-धाकट्याचा विचार केला नाही. तिने किल्ल्या दरवाजावर उभ्या राहणाऱ्या नातीला दिल्या, कारण बारा गाड्यांच्या चोवीस बैलांपैकी कोणता लंगडत होता हे तिने न विचारता सांगितले होते. आपल्या कथेत निकाल वेगळा लागू शकेल. मात्र वारस कशामुळे ठरला ते वाचकाला एखाद्या कामातून दिसावे.